करणाऱ्याची खुर्ची

१

आधी माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मी अजून अंदाजानेच लिहितो आणि मोठे शब्द मला येत नाहीत. आठवीत शाळा सुटली, ती सुटलीच. तरी माझं पोट लिहिण्यावर चालतं, हे ऐकून लोक हसतात. मी रीडमी लिहितो.

कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं की त्याच्यासोबत एक छोटी फाइल येते. आधी मला वाचा, असं तिचं नावच सांगतं. आत पायऱ्या असतात. हे उघडा, इथे दाबा, आता अमुक दिसेल. ती फाइल सहसा कुणी वाचत नाही. काही अडलं की मग शोधतात आणि लिहिणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. तो लिहिणारा मी.

या लिखाणाला आकडे टाकलेत ते सवयीने. त्या पायऱ्या नाहीत. वाचणाऱ्याला मी यात कुठलीही गोष्ट करायला सांगितलेली नाही, पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे. ज्या सूचना मध्ये येतील, त्या आधीच कुणीतरी करून टाकलेल्या आहेत.

२

आमच्या साहेबांना आम्ही मागून लवकरराव म्हणतो, कारण त्यांचं कुठलंही वाक्य त्याच शब्दावर संपतं. मला कामावर घेताना ते म्हणाले होते, "शिकलेल्या माणसाला दोन पायऱ्यांच्या मधलं आपोआप कळतं, म्हणून तो ते लिहीतच नाही. तुला कळणार नाही. म्हणून तू लिही. लवकर." मला वाईट वाटलं नाही. खरंच होतं ते.

रीडमी तपासायची आमच्याकडे एक पद्धत आहे. दोन लहान खोल्या आणि मध्ये प्लायवूडची भिंत. अलीकडे वाचणारा बसतो, पलीकडे करणारा. करणाऱ्यासमोर कोरं मशीन असतं, म्हणजे सगळं पुसून पहिल्यासारखं केलेलं. वाचणारा एकेक पायरी मोठ्याने वाचतो. करणारा तेवढंच करतो, जास्त नाही, कमी नाही. झालं की भिंतीवर एकदा टक् करतो. अडलं, कळलं नाही, तर दोनदा. बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही. बघितलं की माणूस चेहऱ्यावरून समजून घेतो आणि मग फाइलमधली चूक सापडत नाही. दोन पायऱ्यांच्या मधे करणाऱ्याने हात टेबलावर ठेवायचे आणि वाट बघायची.

सगळ्यात शेवटची ओळ प्रत्येक फाइलच्या तपासणीत तीच असते. "काम झालं. खुर्ची सोडा." ती ऐकल्याशिवाय करणारा उठत नाही.

आमचे करणारे म्हणजे काका. माझे सख्खे नव्हेत. एका मोठ्या इमारतीत त्यांनी जन्मभर लिफ्ट चालवली, आणि निवृत्त झाल्यावर लवकररावांनी त्यांना बोलावून घेतलं. काका म्हणायचे, "अरे, आयुष्यभर लोकांनी सांगितलेल्या मजल्यावर गेलो. आता तू सांगशील ते बटण दाबतो. फरक एवढाच, की इथे आरसा नाही." मला जेवायला ते आपल्या घरी न्यायचे. काकू वाढता वाढता विचारायच्या, "आज किती वेळा अडला हो हा?" काका म्हणायचे, "दोनच वेळा. पोरगा सुधारतोय." त्यांना मूल नव्हतं आणि माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. त्यामुळे त्या घरात मी जरा जास्तच जेवायचो.

३

त्या आठवड्यात दवाखान्यांसाठी पेशंटचे नंबर लावायचं सॉफ्टवेअर होतं. शुक्रवारी ते गिऱ्हाइकाला द्यायचं होतं.

सकाळी मी माझ्या खोलीत बसलो. पलीकडे दार वाजलं, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "आलात का काका?" मी विचारलं. नियमाप्रमाणे उत्तर नाही, नुसतं एक टक्.

मी वाचायला लागलो. "हात टेबलावर ठेवा." टक्. "मशीन सुरू करा." टक्. "पडद्यावर निळी चौकट येईपर्यंत थांबा." हे काका नेहमी कंटाळत करायचे, बोटांनी टेबलावर ताल धरायचे. त्या दिवशी ताल नव्हता. चौकट यायला लागतो तेवढाच वेळ गेला आणि टक्. मला वाटलं, आज काका नीट लक्ष देतायत. बरं वाटलं.

मधल्या एका पायरीवर टक् ऐकलं आणि पुढची वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून लवकरराव ओरडले, "अरे, काका पडलेत! या, लवकर!"

काका त्या दुसऱ्या खोलीच्या दाराशी बोळात आडवे पडले होते. श्वास चालू होता, डोळे मिटलेले. हातात जेवणाच्या डब्याची पिशवी तशीच होती, घट्ट. त्यांना उचलताना शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर खाली पडलं. ते माझ्या हातात देत लवकरराव म्हणाले, "सांभाळ हे." मी ते खिशात घातलं. मनाशी म्हटलं, बरं वाटेना म्हणून उठले असतील आणि दाराशी कोसळले असतील. खुर्चीचा आवाज कसा आला नाही, हा प्रश्न तेव्हा सुचलाच नाही.

४

दवाखान्यात सांगितलं की मार नाही, रक्तस्राव नाही, हृदय ठीक आहे. "जागे होत नाहीत, एवढंच," डॉक्टर म्हणाले, जणू ते थोडंथोडकं होतं. काकू पलंगाशेजारी स्टुलावर बसून होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू जेवलास का?" मला रडू आलं, म्हणून मी पाणी आणायला गेलो.

दुसऱ्या दिवशी लवकररावांनी मला बाजूला घेतलं. तेही थकलेले दिसत होते. "काकांचं काय ते आपण बघू. पण फाइल पुरी कर. करणारा नसला तर नुसती मोठ्याने वाचून तरी बघ. लवकर."

मी खोलीत जाऊन बसलो. जिथे थांबलो होतो तिथूनच पुढची पायरी वाचली. "वरच्या कोपऱ्यातलं 'नवीन' हे बटण दाबा."

टक्.

प्लायवूड हवेने फुगतं, असं मी स्वतःला सांगितलं. खालच्या मजल्यावर पाण्याचा पंप आहे. तो चालू झाला की आमच्या भिंतीत काहीबाही वाजतं. मी पुढची पायरी वाचली. "पेशंटचं नाव लिहा." जरा वेळ शांतता. नाव लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढीच. मग टक्.

डोकं अजून चालत होतं. मी मुद्दाम म्हणालो, "आज हवा बरी आहे." काही नाही. "मला भूक लागली आहे." काही नाही. "पेशंटचं वय लिहा." टक्.

मी उठून पलीकडच्या खोलीत गेलो. कुणी नव्हतं. खुर्ची टेबलाला अगदी भिडवून ठेवलेली. मशीन चालू होतं आणि पडद्यावर नाव आणि वय भरलेलं होतं. कालच काकांनी पुढचं भरून ठेवलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण काका न सांगता पुढे कधी जात नसत. शिवाय नावाच्या जागी "नाव" लिहिलेलं होतं आणि वयाच्या जागी "वय". मी जे वाचलं, तेच.

५

संध्याकाळी काकू जरा उजळलेल्या दिसल्या. "बोट हललं रे सकाळी! पलंगाच्या दांडीवर असं एकदा टक् केलं. मग थोड्या वेळाने परत. नर्स म्हणाली, असं होतं कधी कधी, आशा धरू नका. पण मी कान लावून ऐकलं ना."

"किती वाजता?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. मी वाचत होतो तीच वेळ.

रात्रभर अंथरुणात पडून मी हिशोब जुळवत राहिलो. काकांची तपासणी अर्धी राहिली होती. पायरी आहे तोवर टक् आहे, आणि टक् आहे तोवर काका आहेत. फाइलच्या शेवटी माझ्याच हाताने लिहिलेलं होतं, "काम झालं. खुर्ची सोडा." ते वाचलं तर काका काय सोडतील? मला ते वाचायचं नव्हतं. मग एकच उरलं. फाइल संपू द्यायची नाही.

सकाळपासून मी पायऱ्या वाढवायला लागलो. "बटणावर बोट ठेवा. बोट उचला. परत ठेवा." प्रत्येकीला टक् येत होतं. लवकररावांनी फाइल उघडली आणि डोक्याला हात लावला. "हे रीडमी आहे की पोथी? दवाखान्यात नंबर लागेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल."

ते सहज बोलून गेले, पण माझ्या डोक्यात ते राहिलं. बटणं संपल्यावर मी दुसरंच लिहायला लागलो, फाइलच्या बाहेरचं. "खोल श्वास घ्या." टक्. "मान उजवीकडे वळवा." टक्. शेवटी धीर करून वाचलं, "डोळे उघडा." बराच वेळ काही नाही. मग टक्, आणि माझ्या खिशातला फोन वाजला. काकू नुसत्या रडत होत्या. काकांनी डोळे उघडले होते.

त्यानंतर मी घाई केली. आता वाटतं, सगळा घोटाळा तिथेच झाला. "उठून बसा. पाय जमिनीवर ठेवा. चाला. घराकडे जा." मी ते काकांसाठी वाचलं. पण ऐकणारा भिंतीपलीकडे होता.

६

काका घरी आले. मी फळं घेऊन भेटायला गेलो. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. केस विंचरलेले, शर्ट स्वच्छ. मी म्हणालो, "काका, कसे आहात?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हात मांडीवर होते, दोन्ही उताणे, जणू त्यात कुणी काही ठेवायचं बाकी होतं.

काकू चहा घेऊन आल्या. "प्या," म्हणाल्या. काका प्यायला लागले. चहा संपला. कप तोंडालाच राहिला. रिकाम्या कपातून ते घोट घेत राहिले, गळा खालीवर होत राहिला.

"थांबा म्हणावं लागतं," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मग वाकून काकांच्या कानाशी, "थांबा हो. कप खाली ठेवा." काकांनी कप ठेवला आणि खुर्चीच्या हातावर बोटाने एकदा टक् केलं.

"बसा म्हटलं की बसतात, झोपा म्हटलं की झोपतात," काकू म्हणाल्या. "काल रात्री झोपा म्हटलं आणि डोळे मिटा म्हणायला विसरले. पहाटे बघते तर छताकडे बघत पडलेले. पन्नास वेळा भांडले असेन मी या माणसाशी, माझं ऐकत नाहीत म्हणून. आता सगळं ऐकतात." त्या हसायला गेल्या, ते जमलं नाही.

जाताना जिन्यात मी त्यांना सगळं सांगितलं. भिंत, टक्, वाढवलेल्या पायऱ्या, शेवटची ओळ. मला वाटलं त्या मला वेड्यात काढतील. त्या पदराने तोच रिकामा कप पुसत उभ्या राहिल्या.

"ती ओळ वाचली आणि ते गेले तर, काकू?"

"आत्ता ते आहेत, असं वाटतं तुला?"

मी त्या कपाकडे बघितलं.

"वाच तू," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी. पण मी त्यांचा हात धरून बसेन आणि फोन करेन, मगच. तोवर नको."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाचणाऱ्याच्या खोलीत बसून फोनची वाट बघत होतो. भिंतीत एक भोक आहे, जुनी वायर जायची तिथे, नाण्याएवढं. कागदाचा बोळा कोंबून ते बुजवलेलं असतं. वाचणाऱ्याने बघायचं नाही हा नियम मी कधीच मोडला नव्हता. त्या दुपारी बोळा काढला आणि डोळा लावला.

पलीकडे दिवा नव्हता. पडद्याच्या उजेडात टेबलाची कड दिसली, आणि टेबलावर दोन हात. मनगटापर्यंतच. त्यापुढे पडद्याचा उजेड पोचत नव्हता, किंवा पुढे काही नव्हतं. हात उताणे होते. तळवे वर, बोटं सरळ, वाट बघत असलेले. एवढंच मला दिसलं आणि एवढ्याचाच अर्थ मला लागला. "हात टेबलावर ठेवा" असं मी लिहिलं होतं. पालथे ठेवायचे हे कुणालाही कळतं, म्हणून ते लिहिलं नव्हतं. शिकलेल्या माणसासारखी चूक मी केली होती.

पलीकडे जे बसलं होतं, त्याला ते कळत नव्हतं.

फोन वाजला. "धरलाय हात," काकू म्हणाल्या. "वाच."

मी बोळा परत कोंबला. नीट, सावकाश वाचलं, काकांना आवडायचं तसं. "काम झालं. खुर्ची सोडा."

पलीकडे खुर्ची मागे सरकली. फरशीवर तिचा लांबलचक आवाज झाला. दार उघडलं. बोळातून काहीतरी माझ्या दारावरून गेलं. पावलं म्हणता येतील की नाही सांगता येत नाही, पण वजन होतं, फरशीला ते कळत होतं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. वळलो नाही.

फोनमध्ये काकू ओरडल्या. मी डोळे मिटून घेतले. मग काकांचा आवाज आला, बसलेला, चिडका, "अगं, हात सोड की! मोडशील!"

८

संध्याकाळी मी धावतच त्यांच्याकडे गेलो. काका उशीला टेकून बसले होते आणि काकूंनी केलेल्या पेजेला नावं ठेवत होते. "मेल्यावर तरी मीठ घालशील का?" काकू म्हणाल्या, "आधी मरून दाखवा नीट." दोघंही हसत होते आणि दोघांचेही डोळे भरलेले होते. मी दारातच उभा राहून ते बघितलं. इतकं सुख मला आधी कधी झालेलं आठवत नाही.

काकांनी उशीखाली, खिशात चाचपून बघितलं. "माझा चष्मा कुठे गेला? पेपरसुद्धा दिसत नाही."

मला आठवलं. चष्म्याचं घर माझ्याच खिशात राहिलं होतं. मी ते दिलं. "त्या दिवशी तुमच्या शर्टाच्या खिशात होतं हे, काका."

"असणारच," ते म्हणाले. "खुर्चीत बसल्यावर चष्मा लावायचा, ही माझी सवय. त्याशिवाय मला पडदा म्हणजे नुसता धूर."

"मग त्या दिवशी एवढ्या पायऱ्या चष्म्याशिवाय..."

"कसल्या पायऱ्या?" काकांनी माझ्याकडे बघितलं. "अरे, मी आत गेलोच नाही. उशीर झाला होता म्हणून धावत आलो. दाराशी पोचलो, तर आतून टक् ऐकू आलं. मी म्हटलं, माझ्या खुर्चीत कोण बसलं? बघायला म्हणून वाकलो." त्यांनी चष्मा लावला. "त्याच्या पुढचं काही आठवत नाही."

काकूंनी पेजेचा चमचा परत त्यांच्या तोंडाशी नेला. काकांनी तो हातानेच बाजूला सारला. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मनाने. मी तेवढ्याकडेच बघत राहिलो.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या फोनने जाग आली. "रात्री छान झोपले," त्या म्हणाल्या. "सकाळी स्वतः उठून चहा केला. पार बिघडवला, पण केला! बरं, एक विचारू? दारावर कोण टक् करतंय रे? एकदाच होतं. उघडलं की कुणी नाही. मग परत एकदा. हे म्हणतात, मी बघून येतो..."

"त्यांना जाऊ देऊ नका!" मी इतक्या जोरात ओरडलो, की शेजारच्या खोलीतल्या माणसाने भिंतीवर थाप मारली. मी आधी कधी काकूंवर ओरडलो नव्हतो.

मला कळलं होतं. मी त्याला खुर्ची सोडायला सांगितलं. मग कुठे जायचं, ते सांगितलं नाही. पण त्याच्या आधी मीच वाचून ठेवलं होतं, "घराकडे जा." खुर्ची सोडेपर्यंत ते त्याला करता आलं नव्हतं. कुणाच्या घराकडे, ते लिहिलं नव्हतं. मी ते काकांसाठी वाचलं होतं, म्हणून ते काकांच्या घराकडे गेलं. सांगितलेलं करून झालं होतं. आता ते दारात उभं राहून पुढची पायरी विचारत होतं, आणि काका परत वाकून बघायला निघाले होते.

"काकू," मी म्हणालो, "दार उघडू नका. काकांना आतल्या खोलीत बसवा. आणि तुमचा फोन स्पीकरवर टाकून दाराला लावून धरा. मी वाचेन ते तुम्ही ऐकू नका."

"अरे, पण..."

"ऐका माझं. एकदाच."

मी कोरी वही उघडली. चुकू नये म्हणून आधी सगळं लिहून काढलं आणि त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत काही राहून गेलंय का ते तपासलं. मग मोठ्याने वाचलं. "मागे वळा. जिना उतरा. फाटकाबाहेर पडून डावीकडे वळा. औषधाच्या दुकानापाशी रस्ता ओलांडा. पिवळ्या इमारतीत या. तळमजल्यावर, उजवीकडच्या शेवटच्या दारातून आत या."

बराच वेळ फोनमध्ये नुसता काकूंचा श्वास ऐकू येत होता. मग त्या कुजबुजल्या, "थांबलं रे. बाहेर काही नाही आता." मागून काकांचा आवाज आला, "कोण होतं गं?" त्या म्हणाल्या, "कुणी नाही. चुकून आलं होतं."

मी फोन ठेवला. दाराची कडी काढली. माझ्याकडे खुर्ची एकच आहे. ती टेबलाच्या पलीकडे ठेवली आणि मी पेटीवर बसलो. त्यांच्या घरापासून माझ्याकडे चालत यायला चहा होतो तेवढा वेळ लागतो, म्हणून चहा ठेवला. तो उतू जायच्या आत दार सरकलं. खुर्ची कुरकुरली. मी वर बघितलं नाही.

"हात टेबलावर ठेवा," मी वाचलं. "पालथे."

टेबलावर एकदा टक् झालं.

पायऱ्या संपल्या तर ते परत कुठे जाईल, ते मला माहीत नाही. मी गॅस बंद केला, वही पुढे ओढली आणि पुढची पायरी लिहायला घेतली.